हिरवळीच्या जागी राब

बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या एका हाताला प्लास्टर होतं आणि दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. रिक्षातून उतरताना नवऱ्यानं ती घ्यायला हात पुढं केला, पण त्यांनी दिली नाही.

"बाबा, हे काय?" मी विचारलं.

"माझ्या जेवनाचे हायत," ते म्हणाले आणि चपला काढायला लागले.

आमच्या घरात तांदूळ नसतील असं काही त्यांना वाटलं नव्हतं. प्रश्न रीतीचा होता. बापानं लेकीच्या घरी चहा घ्यावा, सणावाराला गोडाचं जेवावं, नातवंडांच्या हातावर काहीतरी ठेवावं आणि दिवस मावळायच्या आत आपल्या घरी जावं. मुक्काम करायचाच झाला तर चार दिवसांचा, आणि खायचं ते आपलं. मला भाऊ नाही, आईही जाऊन काही वर्षं झाली. मग ही रीत आता पाळायची तरी कुणासाठी, असं मी एकदा विचारून बघितलं. "माझ्यासाठी," असं उत्तर आलं. आमच्या घराण्यात हट्ट पिढीजात आहे. माझ्याही वाट्याला तो भरपूर आलाय, म्हणून हट्टी माणसाशी कधी वाद घालू नये हे मला कळतं. मी तांदूळ एका वेगळ्या डब्यात भरले आणि डबा त्यांना दिसेल असा ओट्यावर ठेवला.

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. धरमतरच्या खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध आणि बांधाच्या आत आमची भातशेती. मध्यंतरी त्या बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, आणि खारं पाणी शेतात शिरलं. खांड बुजवायची राहिली ती राहिलीच. जिथं आम्ही कंबर मोडेस्तोवर लावणी करायचो तिथं आता तिवरांचं, खारफुटीचं जंगल आहे. गावातली माणसं हळूहळू पांगली, कुणी डोलवीला कंपनीत लागलं, कुणी पेणला भाड्यानं राहायला गेलं. बाबा मात्र राहिले. मोठ्या उधाणाला पाणी घराच्या पायरीला लागतं आणि मग पायरीवर शेवाळ धरतं. त्याच पायरीवरून ते घसरले. सकाळी पडले ते शेजारीण पेणच्या बाजारातून परत येईपर्यंत तिथंच पडून होते. फोन घरात खुंटीला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात वाजत होता. तो मीच करत होते.

त्या दिवसानंतर मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी त्या घरी एकट्यानं परत जाऊ नये.

ते मात्र प्लास्टर निघायची वाट बघत होते. कपड्यांची पिशवी त्यांनी दिवाणाखाली ठेवली होती. तिची चेन ते रोज उघडायचे, एक सदरा काढायचे आणि पुन्हा बंद करायचे. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, त्यात त्यांनी फक्त स्वतःचा कंगवा ठेवला. दिवसभर फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, एसटीची वाट बघत बसलेल्या माणसासारखे. सकाळी डब्यातून आपल्या मुठीनं मोजून तांदूळ काढायचे आणि माझ्यासमोर ठेवायचे. ते मी वेगळे शिजवायचे. एका घरात दोन कुकर लागायचे आणि वरण मात्र एकच. वरणाबद्दल रीत काही म्हणत नसावी.

डबा जसजसा खाली जायला लागला तसतशी मी रोज झाकण उघडून बघायला लागले. तांदूळ संपले की हे निघणार, प्लास्टर असो नाहीतर नसो, हे मला दिसत होतं. मग मी बाजारातून तसाच जाडा तांदूळ आणला आणि बाबा फाटकाजवळ बसले की हळूच त्यांच्या डब्यात भर घालायला लागले. खूप नाही, एक-दोन मुठी. नवऱ्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "पगार पण असाच वाढत असता तर." मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

पण डब्यात तांदूळ घालून माणूस राहत नाही. त्याला राहावंसं वाटेल असं काहीतरी हवं होतं, आणि तेव्हा माझं लक्ष घरामागच्या जागेकडे गेलं.

आमचं घर रोह्यात, नदीपासून जरा वरच्या अंगाला, नव्या वस्तीत. मागं बरीच मोकळी जागा आहे. घर बांधून उरलेल्या विटा, फुटक्या लाद्या, ओल लागून दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या, सगळं तिथं पडलं होतं आणि त्यावर घाणेरी माजली होती. दर उन्हाळ्यात आम्ही म्हणायचो, पावसाआधी साफ करू. दर पावसाळ्यात म्हणायचो, पाऊस संपला की बघू. त्या वर्षी मी म्हटलं, आता बस्स. तिथं बाग करायची. बसायला बाकडं, चालायला वाट आणि मध्ये हिरवीगार हिरवळ. बाबा सकाळी हिरवळीवर अनवाणी चालतील, संध्याकाळी बाकड्यावर बसतील. माझ्या डोळ्यांसमोर चित्र अगदी तयार होतं, त्यात बाबा पांढरा सदरा घालून हसत होते. एरवी ते फोटोतही हसत नाहीत.

"एक माळी बोलव आणि चार गुलाब लाव," नवरा म्हणाला. त्याची सेकंड शिफ्ट होती, जेवून निघायच्या घाईत होता.

"चार गुलाबांनी काय होणार? रीतसर करायचं. लँडस्केप डिझायनर असतात."

"आपल्या या जागेला? नाकापेक्षा मोती जड."

मी ज्या कंपनीच्या ऑफिसात काम करते तिथल्या एका बाईंनी आपल्या फार्महाऊसची बाग पेणच्या एका मुलीकडून करून घेतली होती. त्यांनी नंबर दिला. बाबांना एक्स-रेसाठी पेणला न्यायचंच होतं, तेव्हा मी तिच्याकडे जाऊन आले. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली गणपतींचा कारखाना. बिनरंगाचे गणपती ओळीनं मांडलेले. बाबा म्हणाले, तू जा वर, मी हे बघत बसतो.

मुलगी तिशीची असेल. उन्हानं रापलेली, बुटांना चिखल, आणि बोलायला सरळ. मी बाकडं, वाट, हिरवळ सगळं एका दमात सांगायला लागले तर तिनं हात वर केला. "ताई, आधी जागा बघते. न बघता बोलले तर नंतर आपलीच भांडणं होतात." मला हे बोलणं आवडलं. कामाच्या माणसानं आधीच हो हो म्हटलं की मला शंका येते.

रविवारी ती आली. मला वाटलं होतं टेप लावेल, फोटो काढेल आणि जाईल. तिनं आधी नुसतंच सगळीकडे चालून घेतलं, घाणेरीत शिरून, काटे लागले तरी. मग प्रश्न सुरू केले. दुपारी शेजारच्यांच्या आंब्याची सावली कुठपर्यंत येते? पावसात पाणी कुठं साचतं? मोरीचं पाणी कुठं जातं? कपडे कुठं वाळत घालता? या घरात आम्ही इतकी वर्षं राहतोय, पण पाणी कुठं साचतं यावर माझं आणि नवऱ्याचं एकमत होईना. शेवटी बाबा फाटकाकडून म्हणाले, "ईशान्येच्या कोपऱ्यात साचत असनार. भिंतीला ओल बघा." ओल होतीच. त्यांना आमच्याकडे येऊन किती दिवस झाले होते, आणि बसायचे तर ते पुढच्या बाजूला.

तिनं ते टिपून घेतलं आणि त्यांच्याकडे गेली. "आजोबा, इथं मुख्य तुम्हीच बसणार म्हणे. तुम्हाला काय हवं?"

"मला कशाला इचारतेस गो? मी पावना मानूस. घर त्यांचं हाय, त्यांना इचार."

जाताना फाटकात ती मला हळूच म्हणाली, "ताई, लॉन म्हणजे पाळलेलं जनावर असतं. रोज बघावं लागतं. त्याची देखभाल कोण करणार?"

"बाबा करतील."

"ते तसं म्हणाले का?"

"म्हणतील."

ती हसली. "मग ते नंतर ठरवू," म्हणाली आणि स्कूटरला किक मारली.

आराखडा आला तो मात्र सुरेख होता. नकाशा बघून मला पहिल्यांदा आमची मागची जागा ही जागा वाटली, अडगळ नव्हे. जांभ्या दगडाची वळणदार वाट, आंब्याच्या सावलीत बाकडं, मोरीच्या पाण्यावर केळी, कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी, कुंपणाला मोगरा. मध्ये चौकोनी हिरवळ. ती काही तिची कल्पना नव्हती. तिनं दोनदा सुचवलं की उन्हाळ्यात पाणी फार लागेल, त्यापेक्षा झुडपं लावू. मी ऐकलं नाही. माझ्या चित्रात बाबा हिरवळीवर चालत होते, झुडपांत नाही.

काम सुरू झालं आणि घरात एक छोटीशी गोष्ट घडली. बाबांनी खुर्ची फाटकाजवळून उचलली आणि मागच्या दाराशी नेऊन ठेवली. एका हातानं, ओढत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. माणसं घाणेरी उपटत होती, विटा बाहेर काढत होती, मग लाल माती आली, ती पसरली. बाबा बघत बसायचे. दुपारी मजुरांबरोबर त्यांचा चहा व्हायला लागला. मधूनच माझ्या कानावर यायचं, "उतार तिकडं कशाला देतोस? पानी भिंतीत जाईल." डिझायनर त्यांच्या शेजारी उकिडवी बसून म्हणायची, "आजोबा, तिकडे पाइप टाकलाय मी, बघा." मग दोघं मिळून पाइप बघायला जायचे. तिचं बरोबर असलं की बाबा, "व्हय, असंल," म्हणायचे आणि परत येऊन बसायचे. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही, हे मी तिला सांगून टाकलं.

मला वाटायला लागलं, जमतंय. तेवढ्यात प्लास्टर निघालं.

डॉक्टरनं हात हलवून बघितला आणि सांगितलं, थोडे दिवस व्यायाम करा, मग काही काळजी नाही. पेणहून परत येताना बाबा गाडीत त्या हाताची मूठ उघडत-मिटत होते. घरी आल्यावर म्हणाले, "आता सोमवारी निघतो. लय दिवस झाले."

मग मी भांडले. जे इतके दिवस गिळून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. तुम्ही त्या पायरीवर पुन्हा पडलात तर मी काय करायचं, मला ऑफिसात फोन वाजला की धस्स होतं, तुमच्या रीतीला मी काय पुजायचं का. मी हे आवाज चढवून बोलले, आणि बोलताना मला रडूही आलं. शेवटी बाबा म्हणाले, "आवाज कमी कर, शेजारी आयकतील," आणि मागच्या दाराशी जाऊन बसले. नवरा बाबांना मामा म्हणतो. तो मला म्हणाला, "मामांना थोडा वेळ दे." मी म्हटलं, वेळ सोमवारपर्यंतच आहे.

मागं सगळं काम झालं होतं. वाट झाली होती, बाकडं बसलं होतं, मध्ये हिरवळीचा चौकोन सपाट करून ठेवला होता. फक्त गवत यायचं बाकी होतं. ते कोलाडच्या बाजूच्या एका नर्सरीतून चटईसारख्या गुंडाळ्या करून येणार होतं, पण टेम्पोवाल्याच्या घरी लग्न होतं, त्यामुळे लांबलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा झाडू घेऊन मागचा पाचोळा गोळा करायला लागले. आमचा, मग शेजारच्यांच्या आंब्याखालचा, मग रस्त्यापलीकडच्या सागाचासुद्धा. मला वाटलं, जायच्या आधी जागा साफ करून ठेवतायत. निघायच्या आदल्या दिवशी पाहुणा जसं आपलं अंथरूण घडी करून ठेवतो तसं. गवळ्याकडून एक पाटी शेणही आणलं. मी विचारलं तर, "झाडांना," म्हणाले. मी फार विचारत बसले नाही, कारण मी रुसले होते.

शुक्रवारी ऑफिसात शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुमच्या मागं आग लागलीय गो. धूर बघ किती. माझे वाळत घातलेले सगळे कपडे काळे झाले."

रिक्षात बसल्यावर मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. बाबांचा फोन लागत होता आणि कुणी उचलत नव्हतं. तो दिवाणावर पडला असणार, हे मला कळत होतं, पण तो त्या दिवशीही असाच वाजत राहिला होता.

मी मागच्या दारानं बाहेर आले तेव्हा बाबा हातात आंब्याची हिरवी डहाळी घेऊन उभे होते, धडधाकट, घामानं निथळत. हिरवळीच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात जाळ चालला होता, पण तो जाळ उभा नव्हता. जमिनीलगत, सरपटत, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सावकाश सरकत होता. खाली शेण, त्यावर पाचोळा आणि काटक्या, त्यावर वाळलं गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलेला, म्हणजे घाईनं जळून जाऊ नये. लहानपणी हे मी दर उन्हाळ्यात बघितलंय. भाताचं रोप करायच्या जागेवर असा जाळ करून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. आमच्या गावात राब भाजायला लागले की सगळ्या शिवारावर धूर धरायचा आणि आई म्हणायची, आता पावसाला बोलावणं गेलं. पण ते शेतात. चांगल्या डिझायनरनं आखून दिलेल्या लॉनवर राब भाजलेला मी कधी बघितला नव्हता, आणि कुणी बघितला असेल असं मला वाटत नाही.

"बाबा, इथं लॉन लावायचंय. उद्या गवत येतंय."

"गवत?" ते जाळावरची नजर न काढता म्हणाले. "पैसे देऊन गवत आनायचं? ते उपटन्यात आमचा जल्म गेला."

"पण मला विचारायचं तरी."

"जमीन तयार हाय, वैशाख सरत आला, आनि ती तशीच उघडी पडलीया. मला बघवंना," ते म्हणाले. मग डहाळीनं एक ठिणगी दाबली. "उशीर झालाय तसा, पन चालंल."

कुंपणापलीकडून काकू बोलत होत्या ते चालूच होतं. मी त्यांची माफी मागितली, कपडे धुऊन देते म्हटलं. मला रागही येत होता आणि बाबा उभे आहेत हे बघून जिवात जीवही आला होता. या दोन्हींचं काय करायचं ते न सुचून मी चौकीदारासारखी दारात उभी राहिले. जाळ विझेपर्यंत बाबांनी जागा सोडली नाही.

शनिवारी सकाळी टेम्पो आला आणि त्याच्यामागून स्कूटरवर डिझायनर. मी तिला फाटकातच गाठून सगळं सांगितलं. काय ऐकून घ्यावं लागणार याची मनातल्या मनात तयारी केली होती. ती सरळ मागं गेली, राखेच्या चौकोनाशी उकिडवी बसली आणि राखेत बोट घालून बघितलं. बाबा खुर्चीवरून तिच्याकडे बघत होते. चोरी उघडी पडलेल्या माणसासारखे नाही, हिशेब तपासून घ्यायला आलेल्या माणसासारखे.

"आजोबा, पेरणार कधी?"

"मिरगाच्या आधी."

"एवढ्या कोपऱ्यातलं रोप. आणि हा बाकीचा चौकोन?"

"लावनीला."

म्हणजे गवताला जागाच उरली नव्हती. तिनं उठून चौकोनाभोवती एक फेरी मारली. "ही लाल माती पाणी धरायची नाही," ती म्हणाली.

"नायच धरनार. चिखल करायला पायजे."

"तळ्यातला गाळ आणून देते. पण चौकोनात पाणी उभं राहणार, ते घराच्या जोत्याकडे जाता कामा नये. ह्या बाजूला बांध घालते आणि जादाचं पाणी पाइपात सोडते."

"बांध मी घालीन. तू पाइप बघ."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझं लॉन, माझं चित्र, सगळं माझ्यासमोर ते दोघं वाटून घेत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. पण मी तोंड उघडायच्या आत तिनं तो प्रश्न विचारला जो ती पहिल्या दिवसापासून बाळगून होती.

"आणि देखभाल? लावणी झाली की संपत नाही. पाणी बघायचं, खुरपायचं, पाखरं हाकायची, कापणी करायची. दिवाळीपर्यंत कोण बघणार हे सगळं?"

"मी हाय ना," बाबा म्हणाले.

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मी ट्रे पायरीवर ठेवला आणि शेजारी बसले. गेले कित्येक आठवडे माझ्या छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं होतं. शेतकऱ्यानं राब भाजला म्हणजे तो पेरणार, पेरलं म्हणजे लावणार, लावलं म्हणजे कापल्याशिवाय कुठं जाणार नाही. हे मला काल धुरातच कळायला हवं होतं, मी खाडीकाठची लेक आहे. पण काल मी फक्त जळलेलं लॉन बघितलं. डिझायनरनं माझ्याकडे एकदा बघितलं, हसली आणि टेम्पोवाल्याला सांगायला गेली की गवत कोलाडच्या दुसऱ्या साइटवर न्या. जाता जाता दोन गुंडाळ्या तिनं उतरवून घेतल्या आणि बाकड्यासमोर अंथरून दिल्या. "ही तुमची," म्हणाली. माझी हिरवळ आजही तेवढीच आहे, एका माणसाला पाय पसरून बसण्यापुरती.

नवरा शिफ्टवरून आल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "भातानंतर मामा वाल टाकतील. म्हणजे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावेपर्यंत मुक्काम पक्का." मग थोडं थांबून म्हणाला, "तुझा मोती नाकाला शोभला म्हणायचं."

सोमवारी बाबा खरंच गावाला निघाले. त्यांनी, "बियानं आनतो," म्हटलं तरी मी दिवाणाखाली वाकून त्यांची पिशवी आहे ना ते बघितलं. मी बरोबर येते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. संध्याकाळी मी फाटकाजवळ मोगऱ्याला पाणी घालत उभी होते, मोगऱ्याला नको इतकं. स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर ते दिसले तेव्हा मी नळी बंद करायचं विसरून गेले. त्यांच्या खांद्यावर बियाण्याची गाठोडी होती आणि हातात विळा, कागदात गुंडाळलेला. घरात आल्यावर त्यांनी दिवाणाखालची पिशवी ओढली, सगळे सदरे काढले आणि कपाटातल्या कप्प्यात, कंगव्याच्या शेजारी ठेवले. पिशवीत बियाणं भरून ती खुंटीला टांगली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवली.

रोप चांगलं आलं. आषाढात एका सकाळी लावणी ठरली. खरं तर बाबा आणि मी मिळून ती दुपारपर्यंत उरकली असती, पण बाबांनी लावणी म्हणजे लावणी असं धरलं आणि सगळ्यांना सांगून ठेवलं. डिझायनर आली, तिचे दोन मजूर आले, आणि काळ्या झालेल्या कपड्यांचं सगळं विसरून शेजारच्या काकूसुद्धा पदर खोचून चिखलात उतरल्या. काकूंचं माहेर कोलाडकडचं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा भराभर चालत होता आणि त्या ते मला ऐकवतही होत्या.

मी स्वयंपाकाचं बघायला आत आले. माझ्यामागून बाबा आले, गुडघ्यापर्यंत चिखल, दाराच्या आत न येता उंबऱ्यावरच थांबलेले.

"किती जनांचं घालतेस?"

"तुमचं वेगळं आणि आमचं..."

"वेगळं नको," ते म्हणाले. "लावनीला आलेल्यांना जेवन आपल्या घरचंच लागतं. तसं उपाशी कुनी जात नाय. सगळ्यांचं एकत्र शिजव." मग त्यांनी ओट्यावरच्या डब्याकडे बोट केलं. "आनि आता ह्यात वरून घालू नको. सरू दे ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चैतापास्नं खातोय आनि डबा खाली जात नाय. मला काय दिसत नाय का गो?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी वळून मागं बघितलं. काकू डिझायनरला रोप कसं धरायचं ते शिकवत होत्या. "तू घालत होतीस, मी खात होतो," बाबा म्हणाले. "ह्ये सरले की तुझ्यातलेच शिजव. दिवाळीला आपलं नवं येतंच हाय."

ते पुन्हा चिखलात गेले. मी त्यांच्या डब्यातले आणि माझ्या डब्यातले तांदूळ एकाच मोठ्या पातेल्यात घेतले, धुतले आणि गॅसवर चढवले.